गॅलरीतले कडवे वाल

वालाचं बी मेलेलं नव्हतं. वाईट होती ती माझी माती. आणि हे मला कळलं तेव्हा अजून दोन दिवस हातात होते. एक फोन केला असता तर काहीच बिघडलं नसतं. तो फोन मी केला नाही.

मी रोह्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. वय बावन्न. कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्याचं काम करतो, तीन पाळ्यांत. आमचं मूळ गाव पेणच्या बाजूला, जोह्याला लागून. तिथलं शेत आता राहिलेलं नाही. त्यामुळं शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही माझा मातीशी संबंध बूट पुसण्यापुरताच उरला होता. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बायकोला पालेभाज्या भरपूर खायला सांगितल्या, तेव्हा मी फोनवर व्हिडिओ बघून गॅलरीत मेथी, लाल माठ आणि मिरची लावली. माकडांनी ती दोनदा उपटली. दुसऱ्यांदा तर कुंडीही खाली टाकली. मग मी गॅलरीला काचा बसवून घेतल्या आणि बाग घरात आली.

कुंड्या महाग पडतात आणि जड होतात, म्हणून पेणच्या मासळीबाजारातून थर्माकोलची खोकी आणली. ती हलकी असतात, खोल असतात, आणि तळाला भोकं पाडायला सोपी. आठवडाभर वाळवली, लिंबाच्या साली घासून धुतली, तरी पहिला महिना घरात बोंबलाचा वास होता. बायको आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या मेथीत सुकट घालावी लागत नाय. ती तशीच उगवते."

भाज्या चांगल्या आल्या. घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत, आंबट ताक, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, एवढ्यावर सगळं चालायचं. रसायनाचा थेंब नाही. दिवसभर रसायनांच्या बाटल्या हाताळणाऱ्या माणसाला याचा फार अभिमान वाटू लागला. हा अभिमान हळूहळू माझ्या डोक्यात गेला. सोसायटीच्या गणपतीत मी घरातल्या सेंद्रिय बागेवर अर्धा तास बोललो. लोक खोकी बघायला घरी यायला लागले. कुणाच्या तुळशीचं पान पिवळं पडलं तरी मला बोलवायचे, आणि मीही पान बोटांत धरून, चष्मा वर करून काहीतरी सांगायचो.

माझी थोरली बहीण निडीला असते. रोह्याहून नागोठण्याच्या बाजूला निघालं की पहिलंच स्टेशन. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर ताई कडवे वाल पेरते. वरून पाणी द्यायचं नाही. थंडीतलं दव आणि मातीतली ओल, बास. तिच्या वालाचं बी आमच्या आईचं होतं. लग्नात आईनं ताईच्या ओटीत ते घातलं होतं, आणि तेव्हापासून ताईनं ते एकही साल चुकू दिलं नव्हतं. बारीक, तांबूस, शिजल्यावर जिभेच्या मागं किंचित कडू लागणारा दाणा. चुलीची राख चोळून ती तो मडक्यात भरायची, आणि तोंड शेणामातीनं लिंपून मडकं माळ्यावर ठेवायची. गावातल्या आठ-दहा घरच्या बाया पेरणीच्या वेळी तिच्याकडून ओंजळ-ओंजळ बी न्यायच्या. ताई जपते म्हटल्यावर बाकीच्यांनी आपापलं बी जपणं सोडूनच दिलं होतं. त्यांचे वाल शेंगेत असतानाच निम्मे थंडीतल्या पोपटीत भाजून संपायचे आणि उरलेले बिरड्यात. आमच्या वाड्यांमध्ये ताईला मान होता तो एवढ्याच गोष्टीचा, आणि तिला तो पुरत होता.

दिवाळीनंतर मी तिच्याकडे बी मागितलं. मला खोक्यात कडवे वाल लावायचे होते. ती हसली.

"घरात वाल? आन् दव कोण शिंपडणार त्यांवर, तुझी बायको?"

"तू दे गं. बघ कसे येतात."

तिनं मडक्याचं लिंपण फोडलं. त्या लिंपणाला एका बाजूला आधीच चीर गेली होती. ती चीर तिनं मला दाखवली. "औंदा पाऊस लांबला ना, माळ्यावर पण ओल आली. कसं हाय काय म्हाईत," म्हणाली. मी दाणे हातावर घेतले, चष्मा वर केला, आणि म्हणालो, "बघतो मी." दोन ओंजळी बी घेऊन आलो.

आता मातीची गोष्ट. नवी आठ खोकी भरायला माझ्याकडे माती नव्हती. बायकोचा भाऊ जोह्याला गणपतीच्या मूर्ती करतो. त्याच्या वडिलांच्या काळी सगळं काम शाडूत चालायचं, आणि लहानपणी त्या शेडमध्ये मी शाडूच्या गोळ्यांशी खेळलेलो. दिवाळीच्या सुमारास कारखाने थंड असतात. मी गेलो तेव्हा मेहुणा हमरापूरला गेला होता. शेडच्या कोपऱ्यात दोन गोण्या होत्या, आत करडी, मऊ, चाळल्यासारखी माती. मी ती बोटांत चोळली. मनात म्हटलं, शाडू. आयुष्यभर ज्या मातीची पूजा केली तिच्यात वाईट काय असणार? फोन करून विचारायचं सुचलं नाही. गोण्या रिक्षात टाकल्या आणि पेणहून एसटीनं रोह्याला आणल्या. त्या मातीत थोडं खत मिसळलं, वाल पेरले, एकदा पाणी घातलं, आणि वालाला वरून पाणी नको म्हणून पुन्हा हात लावला नाही. "गणपतीची माती" असं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंसुद्धा.

रोज चारशे नमुन्यांना तपासणीशिवाय पुढे जाऊ न देणारा माणूस मी. ती माती मी चिमूटभर पाण्यात टाकूनही बघितली नाही.

दहा दिवस गेले. एकाही खोक्यात एकही कोंब नाही.

रविवारी मी निडीला गेलो. खळ्यात भाताची झोडणी चालू होती. ताईबरोबर गावातल्या सहा-सात बाया होत्या, आणि ताईनं मडकं खाली आणून ओसरीवर ठेवलं होतं. दुपारी ती बी वाटणार होती. मी हे सगळं बघितलं. बघूनही मी खळ्याच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "ताई, तुझं बी मेलंय. कुणाला देऊ नकोस. लोकांची शेतं रिकामी राहतील."

झोडणी थांबली. एका म्हातारीनं विचारलं, "मेलं म्हंजे?"

"उगवण नाही. आठ खोकी लावली, एक दाणा वर आला नाही. लिंपणाला चीर होती, ओल शिरली."

ताई म्हणाली, "चार दाणे फडक्यात बांधून बघू का? दोन दिवसांत मोड कळतील."

इथं मी जे बोललो ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "मोड आले तरी उपयोग नाही. जोम गेलेला असतो. फडक्यात फुटतं, जमिनीत मरतं. आमच्या लॅबमध्ये आम्ही असलंच बघतो." आमच्या लॅबमध्ये आम्ही असलं काहीही बघत नाही. आम्ही द्रवांची घनता मोजतो.

ताईनं मडक्याकडे बघितलं. मग बायांकडे. एकजण म्हणाली, "जाऊ दे गो, दुकानातलं आणू." दुसरी म्हणाली, "ओल चाललीय जमिनीतली. थांबून नाय चालायचं." बाया परत कामाला लागल्या. ताई मला जेवून जा म्हणाली. मी जेवलो. पापडही मागून घेतला.

सोमवारी बायकोनं, डब्यात उरलेले मूठभर वाल वाया कशाला घालवायचे म्हणून, भिजवून फडक्यात बांधले. मंगळवारी संध्याकाळी मी पाळीवरून आलो तर तिनं ते फडकं माझ्यासमोर उघडून ठेवलं. प्रत्येक दाण्याला मोड होता. पांढरा, जाड, वळलेला.

"मेलेलं बी बघा तुमचं," ती म्हणाली.

मी गॅलरीत गेलो आणि चमच्यानं खोकं उकरायला लागलो. चमचा वाकला. खोक्यातली माती एकसंध लादीसारखी बसली होती. वर पाणी घातलं तर ते तसंच उभं राहिलं. स्क्रू ड्रायव्हरनं एक ढलपा फोडला तर खाली वाल कुजून काळे झाले होते. मी मेहुण्याला फोन लावला.

"कुठली माती, भावोजी? कोपऱ्यातल्या दोन गोणी? त्या तुम्ही नेल्या व्हय! मी म्हटलं चोर पण काय न्यायला लागले." तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अवो ती माती नाय. सांडलेला प्लास्टर आन् मूर्ती घासल्याची भुकटी हाय ती. झाडून भरून ठेवलेली. त्यात पाणी घातलं तुम्ही? मग आता वाल नाय, गणपतीच येणार!"

मी फोन ठेवला. बायको दारात उभी होती. "ताईंना सांगा आत्ताच," म्हणाली. ताईचं नाव फोनमध्ये मेहुण्याच्या नावाच्या जरा वर होतं. मी ते बघितलं. मग फोन चार्जिंगला लावला आणि आंघोळीला गेलो.

का, याला मोठं कारण नाही. मला ताईसमोर लहान व्हायचं नव्हतं, आणि खळ्यातल्या त्या बायांसमोर तर नाहीच. मी स्वतःला सांगितलं, उद्या सांगू. ती काय लगेच बी टाकून देणार आहे? बुधवारी पाळी बदलली. गुरुवारी मी ठरवलं की रविवारी प्रत्यक्ष जाऊनच सांगावं, ते बरं दिसेल. शुक्रवारी ताईचाच फोन आला.

"दुकानातलं बी पेरलं रे बुधवारी," ती म्हणाली. "बायांनी पण तेच नेलं."

"आणि जुनं?"

"कशाला घरात ठेवायचं? काल आंबोणात शिजवून म्हशीला घातलं सगलं. मडकं पण फोडलं. बघवत नव्हतं त्याकडं."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवून दिला.

बायकोनं मोड आलेले ते वाल शिजवले नव्हते. झाकून ठेवले होते. तिनं त्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी त्याच दिवशी रोह्याबाहेरच्या एका ओळखीच्या शेतावरून दोन पोती भातशेतीची काळी माती आणली. खोक्यांतल्या प्लास्टरच्या लाद्या फोडून काढताना तीन खोकी फुटली. उरलेल्या पाचांत माती, भाताचं तूस आणि जुनं खत भरून मी ते मोडाचे दाणे एकेक करून लावले. बाकीची सगळी बाग, माठ, मेथी, मिरची, मी शेजाऱ्यांना देऊन टाकली, कारण गॅलरीत दुपारपर्यंत ऊन येणारी जागा तेवढीच होती.

घरात वाल वाढवणं सोपं नाही. ऊन एकाच बाजूनं येतं, म्हणून रोप तिकडे झुकतं आणि उंच, पिचकट होतं. मी रोज सकाळी खोकी फिरवायचो. काचा दिवसभर बंद राहिल्या की आत वारा नाही, आणि वारा नाही की मावा येतो. पहिला मावा आला तेव्हा मी रात्रपाळी करून आलो होतो. शेंडे काळे झाले होते. फवारणीचं औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, आणि खोटं कशाला बोलू, मी दुकानापर्यंत गेलोही होतो. तसाच परत आलो. ओल्या कापडानं एकेक शेंडा पुसला, राख भुरभुरली, कडुनिंबाचं पाणी मारलं. दिवसाआड हेच. काचा थोड्या उघड्या ठेवायच्या तर माकडांसाठी जाळी लागणार, ती लावली. वालाला पाणी जास्त झालेलं चालत नाही. मी बोट मातीत खुपसून बघायचो, आणि मग पहाटे फक्त बारीक फवारा मारायचो. दव कोण शिंपडणार, असं ताईनं विचारलं होतं.

अकरा रोपं जगली.

जानेवारीत ताईनं सगळ्यांना पोपटीला बोलावलं. आमच्याकडे ही दर थंडीत होते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, परत पाला, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. सूर्य कलायला लागला होता तेव्हा मडकं उघडलं. वाफ आली, वास आला, सगळ्यांनी शेंगा ओढल्या. दाणे मोठे होते, पांढरट.

"गोड हायत," कुणीतरी म्हणालं.

"गोड कसले, बेचव हायत. बटाटा खातो का वाल, काय कलत नाय."

"ताईचे कडवे कुठं गेले?"

सगळे हसले. ताईही हसली. मग शेंग सोलता सोलता म्हणाली, "कडवे गेले. माझ्या हातानं गेले. मडकं नीट लिंपलं नाय मी. आईनं दिलं तसं ठेवायला नाय जमलं मला."

माझ्या हातात एक शेंग होती. त्या वेळी रोह्यात माझ्या गॅलरीत अकरा रोपांवर फुलं होती. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. मी शेंग खाल्ली. मीठ कमी आहे असं काहीतरी म्हणालो.

बायको गाडीत सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "तुमच्या आईचं बी त्यांनी नाय, तुम्ही घालवलंत. एवढं तरी त्यांना कलू द्या."

मार्चमध्ये शेंगा वाळल्या. फार नव्हत्या. कुठल्या शेंगेत दोन दाणे, कुठल्या शेंगेत तीन. सगळे सोलून एक पेला भरला. बायकोनं जोह्याहून माहेरच्या चुलीची राख आणली. मी ती चोळली, छोटं मडकं आणलं, तोंड लिंपलं. पावसात दर आठवड्याला लिंपण तपासलं. माझी कल्पना अशी होती की हा पेला नेऊन दिला की झालं. काही बोलावं लागणार नाही.

यंदा भात कापून झाल्यावर मी निडीला गेलो. ताई खळ्यातच होती, आणि बायाही होत्या. मी तिला ओसरीवर बाजूला घेतलं आणि मडकं तिच्या हातात दिलं. तिनं लिंपण फोडलं, दाणे हातावर घेतले, एक दाताखाली धरला.

"हे कुठून आनलंस?"

मग मला सांगावं लागलं. गोण्या, प्लास्टर, चमचा, फडकं, मंगळवार. शेवटी तिनं फक्त विचारलं, "म्हशीला मी गुरवारी घातलं. तू मंगलवारी समजून होतास?"

"हो."

"आन् पोपटीला पण?"

"हो, ताई."

तिनं दाणे तळहातावर फिरवले. "वरीसभर मी त्या चिरीला शिव्या देते," ती म्हणाली. "रोज जेवताना आठवायची मला ती चीर. आन् तू पापड मागून खाल्लास."

"ताई, मला माफ कर."

"मला माफी नको मागू," ती म्हणाली. "माझ्या कानात बोलला नव्हतास तू. खल्यात उभा राहून बोललास. तिथंच जा."

तिनं पदर खोचला आणि मडकं कडेवर घेऊन पुढं झाली. "या गो सगल्या इकडं. माझा भाऊ आलाय, त्याला काय सांगायचं हाय."

झोडणी थांबली. त्याच बाया होत्या. ती म्हातारीही होती. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली आणि म्हणाली, "बोला साहेब. औंदा कोन मेलं?"

बाया हसल्या. मी हसलो नाही. गेल्या वर्षी जिथं उभा होतो तिथंच जाऊन उभा राहिलो, आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"कोणी मेलं नव्हतं," मी म्हणालो. "गेल्या वर्षी मी इथं खोटं बोललो. ताईचं बी चांगलं होतं. त्या चिरीनं काही बिघडलं नव्हतं. मी खोक्यात माती म्हणून गणपतीच्या कारखान्यातलं प्लास्टर भरलं आणि दोष तिच्या बियाला दिला. जोम जातो, लॅबमध्ये बघतो, ते मी मनचं सांगितलं. दोन दिवसांनी मला खरं कळलं होतं, तेव्हा बी ताईच्या घरातच होतं, आणि मी गप्प बसलो. तुमच्या शेतातले कडवे वाल माझ्यामुळं गेले. ताईच्या हातानं काही गेलं नाही. ताई, मी चुकलो. तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो, मी चुकलो, मला माफ करा."